पासष्ट सालचा बाळकृष्ण

वेंकटलक्ष्मीअत्या खोटं बोलत नाहीत हे कुंभकोणच्या मठाजवळच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. भाजीवाल्याची जुडी खराब असली तर त्या त्याच्या तोंडावर सांगतात, आणि शेजारच्या अलमेलुचं सांबार पाणचट झालं तर तेही. पण एक गोष्ट त्या आयुष्यभर खरी सांगत आल्या आणि ती कुणी म्हणजे कुणीच मानली नाही. ती म्हणजे, दिवाणखान्यातला बाळकृष्ण त्यांनी काढला आहे.

बाळकृष्ण म्हणजे तंजावरी चित्र. हातात लोण्याचा गोळा, गुबगुबीत गाल, अंगावर उठावदार दागिने, त्यांत तांबडे-हिरवे खडे आणि सोन्याचा वर्ख. घरची मंडळी भोसल्यांच्या काळात देशावरून इकडे आलेली. त्यांतले व्यासोजीपंत राजवाड्यात चितारी होते आणि हे चित्र त्यांच्या हातचं, दोनशे वर्षांपूर्वीचं, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. दर गोकुळाष्टमीला चित्र भिंतीवरून उतरतं, पाटावर बसतं, त्याच्यापुढे लोणी, चकल्या आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डोंगर होतो. येणारा-जाणारा हात जोडून म्हणतो, "व्यासोजीपंतांचा हात!" आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून अत्या म्हणतात, "माझा हात." मग सगळे हसतात. म्हाताऱ्या माणसांचं सगळंच गोड मानून घ्यायची आपल्याकडे वाईट खोड आहे.

सर्वांत मोठ्याने हसायचा तो त्यांचा भाचा श्रीकर. बँकेतून मॅनेजर म्हणून पन्नाशीतच निवृत्ती घेतलेला, कपाळावर गोपीचंदन, आणि आता दक्षिणेतल्या मराठी मंडळींच्या संघाचा चिटणीस. माणूस मनाचा चांगला. विधवा अत्या तिरुचीहून परत आल्या तेव्हा त्यानेच त्यांना हात धरून घरात आणलं होतं. पण व्यासोजीपंत म्हणजे त्याचा जीव की प्राण. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाच्या कागदांवर सह्या केलेल्या माणसाला आपल्या रक्तात एखादा कलावंत हवासा वाटतो, त्यात त्याचं काय चुकलं?

त्या वर्षी मात्र हसण्यावारी न्यायची गोष्ट उरली नाही. श्रीकरने ठरवलं की संघाच्या मेळाव्यात चित्र मांडायचं आणि नंतर ते एका खाजगी संग्रहालयाला कायमचं द्यायचं. घरात भिंतीला ओल येते, आपल्यानंतर कोण बघणार, लेक सहाना तर उत्तरेत. संग्रहालयवाले काचेच्या पेटीत ठेवणार होते. खाली पितळी पाटी: व्यासोजीपंत, सुमारे अठराशे वीस.

पाटीचं ऐकलं त्या सकाळी अत्यांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला.

"श्रीकरा, चित्र दे. कोणाला पण दे. पण तें नांव नको. तें मी लिव्हलेलं अहे."

ह्या घरात चित्र काढत नाहीत, लिहितात. तीनशे वर्षांपूर्वी आलेली मराठी इथे तशीच लोणच्यासारखी मुरली. श्रीकर एकदा पुण्याला गेला होता, तेव्हा रिक्षावाल्याने त्याला विचारलं होतं, की काका, तुम्ही ऐतिहासिक नाटकात काम करता का?

"अत्या," श्रीकर म्हणाला, "तुम्ही लहान असतांना अप्पाअजोबांनी तें साफ केलेलं असेल. तुम्ही जवळ बसलेल्या असाल. तेंच तुमच्या मनांत राहिलं."

"साफ केलेलं नव्हे रे. नवं केलेलं."

"सरि, सरि," असं म्हणून श्रीकर उठला. तमिळमधलं हे 'सरि' म्हणजे 'बरं', पण समोरच्याचं बोलणं संपवायलाही ते उत्तम उपयोगी पडतं.

त्या दिवशी अत्या जेवल्या नाहीत. पाटीवर एकदा नाव पडलं की संपलं, हे त्यांना कळत होतं. घरातलं हसणं त्यांनी सोसलं होतं, कारण घरातल्या माणसाला उद्या पटूही शकतं. पितळेला कोण पटवणार? आणि आयुष्यात आपल्या हातून झालेली एकच मोठी गोष्ट दुसऱ्याच्या नावावर लागताना डोळ्यांदेखत बघायची, ह्याचा त्यांना फार म्हणजे फार राग आला. रडूही आलं. त्या पदराने डोळे पुसत होत्या तेव्हा सुट्टीवर आलेली सहाना आत आली.

सहाना श्रीकरची मुलगी. उत्तरेतल्या एका प्रयोगशाळेत जुन्या वस्तूंचं वय काढायचं काम करते. हाडं, कोळसा, धान्य, कापड, जे कधीकाळी जिवंत होतं ते सगळं तिच्याकडे येतं. तिने अत्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "अज्जी, पहिल्यापासून सांग. मी हसणार नाही."

आणि अत्यांनी सांगितलं.

चौसष्ट सालचा तो पावसाळा. आपल्याकडचा नव्हे, इथला. दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि मार्गळी महिना संपेपर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या तोंडापर्यंत, कावेरीच्या दोन्ही काठांना झोडपतो. वेंकटलक्ष्मी पंधरा संपून सोळाव्यात. वडील रघूत्तमराव, म्हणजे श्रीकरचे अप्पाअजोबा, शाळेत मास्तर, चित्रकलेचा नाद व्यासोजीपंतांपासून रक्तात आलेला. रोज संध्याकाळी ते ओसरीवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचत, आणि त्या वर्षांत त्यात सारखा अणुबाँब असे. अमेरिकेने फोडले, रशियाने फोडले, त्यांनी आभाळात फोडायचं बंद करायचा करार केला म्हणून जरा हुश्श करावं, तर त्याच दिवाळीच्या तोंडावर चीनने फोडला. बाँबची धूळ वाऱ्याबरोबर सगळ्या पृथ्वीवर फिरते, असं मास्तर म्हणाले आणि गल्लीतल्या बायकांनी माळवदावर सांडगे वाळत घालायचं सोडलं. रघूत्तमरावांच्या आईने तर अंगणातलं पावसाचं पाणी भरायलाही बंदी केली. "कोण तो चीन," ती म्हणायची, "त्याला माझ्या सांडग्यांशी काय वैर?"

अशा त्या पावसात छप्पर गळलं, आणि गळलं ते नेमकं बाळकृष्णाच्या डोक्यावर. व्यासोजीपंतांचं चित्र पार भिजलं. खडूचा लेप सुटला, कापड कुजलं, चेहरा ओंजळीत येईल असा गळून पडला. भंगलेलं देवाचं चित्र घरात ठेवत नाहीत. रघूत्तमरावांनी पहाटे लेकीला बरोबर घेतलं आणि सारं कावेरीत सोडलं. पण फणसाची फळी शाबूत होती. ती त्यांना टाकवेना. तिच्यावर व्यासोजीपंतांचे हात फिरले होते. आणि दुसरी अडचण म्हणजे त्यांची आई. नव्वदीच्या घरातली, डोळे अधू, रोज त्या चित्राला नमस्कार करून पाणी पिणारी. तिला हे कळलं असतं तर ती अंथरूणच धरती. चित्र दुरुस्तीला दिलंय, असं तिला सांगितलं आणि बापलेकीने माळ्यावर दार लावून काम सुरू केलं.

"अप्पांनी दिवाळीचं नवं धोतर फाडलें," अत्या म्हणाल्या. "अजून एकदां पण नेसलेलं नव्हतं. तें चिंचोक्याच्या खळीने फळीवर चिकटवलें. रेघ त्यांनी मारायला घेतली, पण त्यांचा हात थरथरायचा गं. चेहऱ्याशी आले अणि कुंचला मज दिले. म्हणाले, लक्ष्मी, तूं लिही. मी मान खालीं घालून लिव्हलें. पोंगल झाला, मासी महिना आला, तंवर लिव्हत होतें."

चित्र परत भिंतीवर चढलं. म्हाताऱ्या आजीने त्याला हात जोडले आणि म्हणाली, कृष्णाचे गाल भरले की. त्या एका वाक्यावर नात आठवडाभर हवेत होती. आजी आहे तोवर कुणाला बोलायचं नाही, असं वडिलांनी वचन घेतलं. आजी होती तोवरच पोरीचं लग्न झालं. वडील त्याच वर्षी अचानक गेले. साक्षीदार संपला. धाकट्या भावाला, म्हणजे श्रीकरच्या वडिलांना, तिने माहेरपणाला आल्यावर सांगितलं, तेव्हा तो पोट धरून हसला. देवाच्या चित्रावर नाव घालायची आपल्यात पद्धत नाही. व्यासोजीपंतांनी घातलं नव्हतं, तर ह्या पोरीने कुठून घालावं?

"मग पुढे का नाही काढलीस चित्रं?" सहानाने विचारलं.

तिरुचीचं सासर, नवरा रेल्वेत, दोन खोल्यांत सात माणसं. सासूला खळीचा वास सोसत नसे. कुंचल्याची हौस रांगोळीवर भागवली; तिच्या रांगोळ्या बघायला रस्त्यावरच्या सायकली थांबत, आणि दुपारपर्यंत त्यांच्यावरूनच सायकली जात. मूलबाळ झालं नाही. नवरा बरा होता, लवकर गेला. असं सगळं अत्यांनी भाजी निवडल्यासारखं सरळ सांगून टाकलं.

सहाना उठली ती सरळ बापाकडे गेली. "अप्पा, चित्राचं वय काढूया. संग्रहालयाला प्रमाणपत्र दिलंत तर तुमचीच मान वर होईल." श्रीकर खूष झाला. मात्र चौकट उघडायला तयार होईना. देवाचं आसन उगाच हलवायचं नाही. तेव्हा सहानाने मागच्या बाजूने फळीच्या लाकडाची एक बारीकशी ढलपी काढून घेतली आणि ती सुट्टी संपवून गेली.

उत्तर आलं तेव्हा श्रीकरने ते गल्लीभर वाचून दाखवलं. लाकूड खरोखरच दोनशेच्या आसपास वर्षांचं होतं. त्याने पेढे आणले, पहिला अत्यांच्या हातावर ठेवला.

"अत्ता तरी पटलं, अत्या?"

"फळी जुनी नव्हे, असं मी केव्हां म्हणाले?" अत्या म्हणाल्या. पेढा मात्र त्यांनी खाल्ला, कारण पेढ्याचा त्यात काही दोष नव्हता. रात्री फोनवर त्या सहानाला म्हणाल्या, "राहूं दे गं. माझ्या बाजूला लाकूड पण नाही."

सहाना हट्टी निघाली. ती चक्क रजा काढून परत आली. "अप्पा, लाकडाचं वय म्हणजे झाड तोडलं तेव्हाचं. चित्र कापडावर असतं. कापड तपासलं नाही तर जाणकार नाक मुरडतील." श्रीकर आता विजयी होता आणि विजयी माणूस उदार असतो. "उघड," तो म्हणाला. "एकदांचं होऊन जाऊं दे." त्याने देवाची क्षमा मागितली, स्वतः खिळे उपसले, आणि फळीच्या मागे दुमडलेल्या कडेतून बोटभर सूत मुलीला काढू दिलं.

मेळाव्याला थोडे दिवस उरले असताना सहानाचा व्हिडिओ कॉल आला. श्रीकरने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. अत्या शेजारी बसल्या, हातात जपमाळ, पण जप चालला नव्हता.

"अप्पा, कापूस त्रेसष्ट ते पासष्ट सालांमधला आहे."

"अठराशे त्रेसष्ट?" श्रीकर दचकला. "म्हणजे व्यासोजीपंतांचा नातू..."

"एकोणीसशे, अप्पा."

"इतकं नेमकं कसं सांगतेस? जुन्या वस्तूंचं वय पन्नास-शंभर वर्षं इकडे-तिकडे होतं, तूंच म्हणत होतीस."

"त्या वर्षांचं होत नाही," सहाना म्हणाली, आणि तिने समजावून सांगितलं. हवेतल्या कार्बनमध्ये एका जातीचा जड कार्बन असतो, अगदी नावाला. झाडं हवा घेतात तसा तो त्यांच्यात जातो. अणुबाँब आभाळात फुटू लागले तसा तो वाढत गेला, आणि चौसष्टच्या सुमाराला दुपटीच्या जवळ पोचला. करार झाला, स्फोट विरळ झाले, मग तो उतरायला लागला. त्या दोन-तीन वर्षांत जे जे उगवलं, त्याच्यावर असा शिक्का बसला आहे की तसा आधी कधी नव्हता. जगभर. गव्हात, द्राक्षांत, झाडाच्या खोडात, माणसांच्या दातांत. "अज्जी, तुझ्या अक्कलदाढेतसुद्धा असणार."

"ती केव्हांच काढली," अत्या नकळत म्हणाल्या. मग त्यांना सगळा अर्थ लागला.

मोटर चालू राहून टाकी भरून वाहत होती, तरी कुणी उठेना. साठ वर्षं वाट पाहिलेली गोष्ट हातात आली की माणसाला नाचावंसं वाटेल असं आपल्याला वाटतं. अत्यांना आधी आनंद झालाच. पण त्याच्या पाठोपाठ शिसारी आली.

"म्हणजे माझ्या कृष्णाच्या पाठीशी तें बाँबाचं अहे?"

"त्रास देण्याइतकं नाही गं. खूण पटण्यापुरतं."

"ज्यांनी फोडला त्यांना कुंभकोण कुठे अहे तें पण ठाऊक नसेल," अत्या म्हणाल्या. "गावंच्या गावं जाळायला काढलेली वस्तु. माझ्या अप्पांना भय वाटायचं, अज्जी सांडगे घालायची नाही. त्याची साक्ष मज कां घ्यावी लागली गं?"

सहाना म्हणाली, "अज्जी, पुढचं पण ऐक. तो कार्बन आता जवळजवळ उतरून गेला. समुद्रांनी घेतला, झाडांनी घेतला. थोडा गाड्यांच्या धुरातल्या साध्या कार्बननेही झाकला, तो घोर निराळा. पण आभाळातले स्फोट थांबवले ते माणसांनीच. तुझ्या अप्पांनी वाचून दाखवला तो करार कागदावर राहिला नाही. माझ्या यंत्रात ती रेघ खाली येताना रोज दिसते. मला त्या रेघेकडे बघून बरं वाटतं."

अत्या रेघा ओळखणाऱ्या होत्या. त्यांनी मान हलवली. माळेचा मणी पुढे सरकला.

श्रीकर उठून मोटर बंद करायला गेला तो बराच वेळ आला नाही. माळ्यावर बसला होता. त्याच्या दृष्टीने त्या सकाळी व्यासोजीपंत वारले होते, आणि सुतक धरायलाही त्याला कुणाची सोबत नव्हती. संध्याकाळी तो खाली आला. अत्यांच्या पायांशी जमिनीवर बसला. पाटीवाल्याला फोन करून झाला होता.

"अत्या, पाटीवर नांव कसं घालायचं? सासरचं कीं माहेरचं?"

क्षमा मागणं त्याला जमलं नाही आणि अत्यांनीही त्याची वाट पाहिली नाही. त्यांनी त्याच्या टकलावर हात ठेवला. "वेंकटलक्ष्मी, रघूत्तमरावांची लेक. अणि खालीं लिही, फळी व्यासोजीपंतांची." श्रीकरला मग हुंदका आवरला नाही. बँकेचा मॅनेजर लहान मुलासारखा रडला, आणि अत्यांनी त्याला रडू दिलं.

मेळाव्यात चित्रापुढे गर्दी झाली. दोनशे वर्षांच्या चित्रापुढे होते त्याहून जास्तच झाली, कारण चितारीण शेजारी खुर्चीवर जिवंत बसली होती आणि विचारील त्याला कृष्णाच्या गालाचा रंग कसा केला ते सांगत होती. मग चित्र काचेच्या पेटीत गेलं.

गोकुळाष्टमी जवळ आली तशी दिवाणखान्यातली मोकळी भिंत सगळ्यांच्या डोळ्यांवर येऊ लागली. श्रीकर म्हणाला, स्वामीमलैहून एक छोटी पंचधातूची मूर्ती आणू. अत्या म्हणाल्या, फळी आण. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, बोटांत संधिवात, वय पंच्याहत्तरच्या पुढे. कुणी हसलं नाही. ह्या घरात आता त्या बाबतीत हसायची छाती कुणाची नव्हती.

श्रीकरने फणसाची फळी आणली आणि आपलं नवं, घडी न मोडलेलं धोतर स्वतः फाडून दिलं. खळ अलमेलुने शिजवली, आणि वासाबद्दल कुणी तक्रार केली नाही. अत्या रोज सकाळच्या उजेडात थोडं थोडं काम करत. हात दुखला की थांबत, शिव्या घालत, पुन्हा बसत. आषाढ संपेपर्यंत बाळकृष्ण फळीवर रांगू लागला. पहिल्याइतका सुबक नव्हता. नाक किंचित मोठं झालं होतं. पण चेहऱ्यावर मिश्किलपणा असा, की चोरी पकडली गेली तरी ह्याला लाज वाटणार नाही.

अष्टमीच्या आदल्या दिवशी सहाना आली. खाली बसून तिने कापडाच्या कडेला बोट लावलं. "अज्जी, गंमत सांगू? दोनशे वर्षांनी कुणी माझ्यासारखी हे कापड तपासेल ना, तर तिला कळणारच नाही. आताचा कापूस आणि व्यासोजीपंतांच्या वेळचा कापूस, माझ्या यंत्राला जवळजवळ सारखेच दिसतात. बाँबाचा शिक्का गेला ह्याच्यावरून."

"अगदीं गेला?"

"जवळजवळ अगदी."

अत्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. लेकराचा ताप उतरल्यावर आईच्या चेहऱ्यावर येतं तसं. मग त्यांनी चष्मा पुसला, सर्वांत बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवला, आणि कृष्णाच्या पावलाखाली टेकवला.

"अत्या!" श्रीकर पुढे झाला. "देवाच्या चित्रावर नांव लिव्हत नाहींत."

"मागच्या वेळेला हवेने सांगिटलं म्हणून तुम्ही ऐकलेत," अत्या वर न बघता म्हणाल्या. "अत्ता हवा कांहीं सांगणार नाहीं. बरंच झालं, कधींच न सांगो. मग माझं मीच सांगायला नको?"

त्यांनी 'वे' लिहिला आणि फळी गुडघ्यावरून सरकली. श्रीकर क्षणभर घुटमळला. मग तो समोर बसला आणि नाव पुरं होईपर्यंत त्याने फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.